सहा महिने राहू द्या, मॅडम

फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस असली की नवरा-बायकोची भांडणं रोजचीच, पण ही केस डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

नवरा सोलापूरच्या पूर्व भागातला, घराखालीच टॉवेलचे माग. बायको इंजिनियर, नोकरी हिंजवडीत. लॉकडाऊनमध्ये वर्क फ्रॉम होम होतं तोवर सोलापुरात छान चाललं, मग कंपनीने ऑफिसला बोलावलं आणि तिथून सगळं बिघडलं. ती म्हणे मुलीला घेऊन सगळेच पुण्याला जाऊ, तो म्हणे अप्पांना (त्याच्या वडिलांना) पॅरालिसिस, त्यांना फ्लॅटमध्ये कोंडू का, आणि माग बंद करून मी तिकडं काय करू. आता यात चूक कुणाची सांगा! आधी हुतात्मा एक्सप्रेसने येणं-जाणं होतं, मग भेटले की भांडणं, मग भेटणंच बंद.

असगर फरहादींचा ‘अ सेपरेशन’ (2011) बघितलाय का? त्यात बायकोला इराण सोडायचंय आणि नवऱ्याला अल्झायमर झालेल्या वडिलांना सोडून जायचं नाही. पहिल्याच सीनमध्ये दोघं जजसमोर बसून बाजू मांडतात आणि जज दिसतच नाही, कॅमेराच त्याच्या जागी, म्हणजे ते थेट आपल्याकडे बघून बोलतात. मला तो सीन एकदम ओळखीचा वाटला, कारण माझ्या टेबलासमोर लोक असेच बसतात आणि दोघांचंही ऐकलं की दोघंही खरे वाटतात.

नातेवाईकांना मात्र व्हिलन पाहिजेच असतो. तिचे काका ऑफिसात येऊन म्हणाले, "मॅडम, 498 टाका, आपोआप सरळ होतील." (म्हणजे सासरच्या छळाचं कलम; नव्या न्याय संहितेत ते कलम 85 झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून 498च.) ती तिथल्या तिथे म्हणाली, "काका, त्यांनी कधी हात उगारला नाही, पैसे मागितले नाहीत. खोटं मी लिहून देणार नाही." मला तिचं फार कौतुक वाटलं, कारण एवढ्या रागात असं बोलायला ताकद लागते.

मग 13 ब, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांना मान्य अटी, ठरवायच्या दिवशी स्त्रीधनाची यादी वाचत होतो, तर नवराच मध्ये म्हणाला, "तिची शिलाई मशीन राहिली, ती लिहा." समोरचे वकीलसाहेब त्याच्याकडे बघतच राहिले. मुलगी आईकडे, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी सोलापुरात, यावर फार वाद झाला नाही.

राहिला कूलिंग पीरियड. कायद्यात फर्स्ट मोशननंतर, म्हणजे घटस्फोटाचा पहिला अर्ज दिल्यावर, सहा महिने थांबायचं असतं, पण सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलंय की दीड वर्ष वेगळे राहत असतील, पोटगी-कस्टडीचं सगळं मिटलं असेल आणि एकत्र येण्याची शक्यता नसेल तर कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. हे दोघं दोन वर्षं वेगळे होते, म्हणून मी अर्ज टाइप करूनच नेला होता. ती म्हणाली, "सहा महिने राहू द्या, मॅडम."

मला वाटलं मन बदललं. तसं नव्हतं. तिच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये सासऱ्यांचं नाव होतं, डिक्री (घटस्फोटाचा हुकूम) झाली की ते निघणार, आणि त्यांची अँजिओप्लास्टी करायची होती.

नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो तेलुगूत म्हणाला, मला वाटलं तू कधीच नाव काढलंस. ती म्हणाली, अप्पांचं कशाला काढू, अप्पांनी माझं काय केलंय. (सोलापुरात वाढल्यामुळे मला तेवढं तेलुगू कळतं.) तो हप्ता भरतो म्हणाला, ती म्हणाली पगारातून कट होतो, राहू दे. मग दोघंही बराच वेळ बोलले नाहीत आणि मी आणि वकीलसाहेब उगाच कागद चाळत बसलो.

अर्ज मी दिला नाही. सहा महिन्यांनंतरची तारीख घेतली, मधल्या काळात अप्पांची अँजिओप्लास्टी त्याच पॉलिसीवर झाली, ते बरे आहेत. आणि ठरल्या तारखेला दोघांनी येऊन जबाब दिले, डिक्री झाली.