तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगरवेड्याला काय द्यावं?

"जावई सुट्टी मिळाली की डोंगरात. वाढदिवसाला काय देऊ?" धुळ्यात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याने आधी मोबाइलवर एखादी यादी पाहिलेली असते, आणि तिच्यात हमखास पिसांचं जाकीट असतं. हिमालयात जायचं तर ठीक. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. लळिंग किल्ल्याच्या चढावर त्या जाकिटाचं काय लोणचं घालायचं?

मी उलट विचारतो, जातो कुठे आणि कधी?

पावसाळा सरल्यावर पाटणादेवीकडून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे चढणारा असेल, किंवा सातपुड्यात भटकणारा, तर त्याचं खरं दुखणं गवताचं कुसळ. कुसळाच्या टोकाला बारीक उलटे केस असतात, त्यामुळे ते मोज्यात शिरतं पण मागे निघत नाही. वरची शेपटी दमट हवेत पीळ सोडते, उन्हात पुन्हा वळते, आणि टोक आत आत जातं. घरी आल्यावर मोजे उलटे करून दिव्याखाली एकेक उपटत बसायचं. तरी धुतल्यावर दोन-चार टोचतातच. अशा माणसाला गेटर्स द्या. बुटाच्या वरपासून नडगीपर्यंत बांधायचं ते जाड कापड. दिसायला काहीच नाही, आणि स्वतःहून ते कुणी विकत घेत नाही. म्हणूनच द्यायचं.

बूट मात्र गुपचूप आणू नका. त्याला दुकानात घेऊन जा, तेही संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय जरा फुगलेले असतात. डोंगरात वापरायचे तेच मोजे घालून बघू दे. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात. तळ पातळ असेल तर बाभळीचा काटा आरपार येतो. आणि दोर, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) असलं काही हौसेने आणाल तर कृपा करून आणू नका. ज्यावर जीव टांगायचा ती वस्तू ज्याची त्याने पारखून घ्यावी.

अस्तंब्याला जाणारा असेल तर काम सोपं. 1325 मीटरचा तो डोंगर, दिवाळीतली यात्रा, आणि बरीचशी चढाई रात्रीची. कपाळावर बांधायची बॅटरी द्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे. दोन-तीनशे ल्युमेनचा उजेड पुष्कळ झाला. सुट्या सेलवर चालणारी घ्या, डोंगरात चार्जिंग कुठे शोधणार? जोडीला सेलचं एक जास्तीचं पाकीट.

बजेट कमी असेल तर लाजू नका. मोठा पांढरा सुती रुमाल, भिजवून डोक्याला गुंडाळला की उन्हात टोपीला भारी. ओआरएसची एक लिटरवाली डझनभर पाकिटं द्या, वर चिठ्ठी लावा: अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. पेलाभर पाण्यात घोळून पिणारे बहाद्दर मी पाहिलेत, त्याने उलट त्रास होतो.

खायचं द्यायचं तर काजू-बदामाचे डबे नकोत. केळीचे खारे वेफर्स, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ. सासूबाईंच्या हातची कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी बांधून दिलीत तर जावई त्या दिवशी गेटर्स विसरेल, पण डबा नाही. सॅक भेट द्यायची असेल तर एका दिवसाच्या भटकंतीला 25 लिटरची पुरते. साठ लिटरची दिली की माणूस ती भरतोच, आणि मग पाठ धरून बसतो.

काहीही घेतलंत तरी दुकानातून बदलून मिळेल का ते आधीच विचारा, आणि बिल पाकिटात ठेवा. किंमत दिसते म्हणून फाडून टाकू नका.