बंदीला अजून किती दिवस?

मी शाळा-अंगणवाडी तपासणीच्या टीममध्ये डॉक्टर आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, सगळे आरबीएसके म्हणतात. दोन डॉक्टर, फार्मासिस्ट, सिस्टर आणि एक गाडी, गाडीत वजनकाटा नि उंची मोजायची पट्टी टाकायची आणि तालुकाभर फिरायचं, शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा. जन्मजात व्यंग, आजार, रक्त-जीवनसत्त्वं कमी असणं आणि वाढीत मागे पडणं, ह्या चार गोष्टी आम्ही शोधतो. हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावचं आहे. गावाचं नाव लिहिणार नाही, मुलाची ओळख पटेल असं काही लिहायला कायद्यानेच मनाई आहे, म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

फेब्रुवारीची १३ तारीख होती. पाचवीतला एक मुलगा काट्यावर उभा राहिला, २३ किलो. मागच्या वर्षीचं कार्ड बघितलं तर २४. ह्या वयात वर्षाला दोन-अडीच किलो वाढायला पाहिजे आणि ह्याचं उलट एक किलो कमी, म्हणून विचारलं काय होतं रे तुला, तर म्हणाला पोट दुखतं. कार्डावर मागच्या वर्षीही तेच लिहिलेलं, पोटदुखी, आणि पुढे माझ्याच अक्षरात जंताची गोळी. सही पण माझी.

पोट बघितलं, मऊ होतं, काही लागत नव्हतं. कधी दुखतं विचारलं तर उत्तर न देता त्यानेच मला विचारलं, "म्याडम, बंदीला अजून किती दिवस?"

बंदी म्हणजे मासेमारी बंदी, १ जून ते ३१ जुलै, पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. मी म्हटलं अरे खूप आहेत, तर म्हणतो, "एकशे आठ. कालनिर्णयवर मोजले मी. मग बाबा घरी आसतील, मग नाय दुखणार."

बाप बोटीवर खलाशी, एकदा गेला की आठ-आठ दिवस येत नाही. कोळीवाड्यातली पोरं बंदीची वाट बघतातच, बाप घरी असतो, त्यात काही नवीन नाही. पण फेब्रुवारीत दिवस मोजून ठेवणं, आणि त्याला पोटदुखी जोडणं, हे मला गिळवेना. सिस्टरला पुढची मुलं घ्यायला सांगितली आणि त्याला घेऊन व्हरांड्याच्या टोकाला पायरीवर बसले, म्हणजे सगळ्यांना आम्ही दिसू पण ऐकू जाणार नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं एवढंच डोक्यात होतं की आपण नावं सुचवायची नाहीत, "त्याने असं केलं का, तसं केलं का" विचारायचं नाही, मुलाच्या मागून चालायचं. मी एकच विचारलं, बाबा नसतात तेव्हा काय होतं?

बराच वेळ तो चप्पलच्या पट्ट्याशी खेळत बसला. मग बोलला. बंदरावर लिलाव संध्याकाळी, आई तिथे मासळी निवडायला, कोळंबी सोलायला जाते, रात्री आठ-नऊला येते, तोवर तो वाडीतल्याच एका ओळखीच्या माणसाच्या घरी. त्या घरात काय व्हायचं ते त्याने त्याच्या शब्दांत सांगितलं, ते इथे लिहिणार नाही. दीड वर्षं चाललेलं. म्हणजे मी जंताची गोळी दिली तेव्हाही.

मध्येच म्हणाला, आईला नको सांगू. इथे हो म्हणून टाकावंसं फार वाटतं. पण मी सांगितलं की मी तुला खोटं सांगणार नाही, काही माणसांना सांगायला लागेल, त्यांचं कामच ते आहे, पण कुणाला काय सांगते ते आधी तुला सांगेन. तू केलंस ते बरोबर केलंस, तुझी काही चूक नाही. तो म्हणाला, "बरं," आणि विचारलं वर्गात जाऊ का. तो गेल्यावर मी त्याची वाक्यं जशीच्या तशी कागदावर उतरवली, माझा एकही शब्द न घालता, तारीख-वेळ टाकून.

मग गुरुजींना सांगितलं. गुरुजी चांगले आहेत, पण पांढरे पडले, म्हणाले गावकीतला वजनदार माणूस आहे हो तो. शाळेत भिंतीला कान असतात का कसे, पण तासाभरात वाडीतले दोन वयस्कर माणसं आली. रागाने नाही, अगदी हात जोडून. "ताई, आमची गावकी बसेल, त्याला काय दंड, काय वाळीत टाकायचं ते आम्ही बघतो, पण पोलीस नको, पोराचं नाव जायचं, पोरगं आहे म्हणून एक बरं." त्यांना खरंच वाटत होतं की ते मुलाचं भलं करतायत. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की काका, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याच्या १९व्या कलमाने हे कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचंच असतं, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मला आणि गुरुजींनाही, आणि आता तुम्हालाही कळलंय. गावकीने मिटवलं तर तो माणूस उद्या संध्याकाळीही त्याच वाडीत असेल.

"पोरगं आहे म्हणून बरं" हे वाक्य मला अजून टोचतं. कायद्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही, १८ वर्षांखालचं कुणीही. आणि २००७ साली केंद्राच्या महिला-बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत अभ्यास केला होता, त्यात लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते, ५२.९४ टक्के. आपण मुलींना काय काय बजावतो (ते करायलाच हवं), पण मुलाला कुणी विचारतसुद्धा नाही.

१०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, आणि पोलीस ठाण्याला फोन केला. मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं, आता कुणाला फोन करते ते. आईला गुरुजींनी बोलावून आणलं, हाताला कोळंबीचा वास तसाच, ती ऐकून भिंतीला टेकून खालीच बसली, म्हणाली "मीच सोडून जायची त्याला तिथं." तिला दोष देणाऱ्यांनी सांगावं की रात्री नऊपर्यंत पोर कुठे ठेवायचं, आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर लिलावाच्या वेळेला चालणारं पाळणाघर मी तरी बघितलेलं नाही.

बापाला निरोप वायरलेसवरून द्यायचा होता. आणि वायरलेसवर बोललेलं आजूबाजूच्या सगळ्या बोटी ऐकतात. म्हणून मालकाकडून फक्त एवढंच सांगितलं, घरी काम आहे, बंदरावर ये.

संध्याकाळी पीएसआय मॅडम आल्या, साध्या ड्रेसवर, गाडी लांब उभी करून. कायद्यातच आहे ते, मुलासमोर युनिफॉर्म नको, आणि जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे. तो म्हणाला मावशीच्या घरी, आणि बाबा आल्यावर. त्या म्हणाल्या ठीक आहे, सकाळी. मी सांगितलं त्यावर गुन्हा तेवढ्यातच दाखल झाला, रात्री त्या माणसाला ताब्यात घेतलं. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, तेही पोलिसांनी केलं. पुढचं कोर्टात आहे, त्यावर बोलणार नाही.

चौदा मुलं तपासायची राहिली होती म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्या शाळेत गेलो. फाटकाशी एक माणूस उभा होता, रात्रभर न झोपलेला, अंगाला डिझेलचा नि मासळीचा वास. मावशीकडे जबाब झाला होता, मुलगा तिथेच झोपला होता. बाप माझ्याकडे न बघता बोलला.

"म्याडम, तो दिवस मोजायचा ते मला म्हाईत होतं. कालनिर्णयवर पेन्सिलीने फुल्या मारायचा. मला वाटायचं, माझी आठवण येते म्हणून."