पेरूपर्यंत पोचायला पाच महिने

खाण्यात मी फार निवडक, म्हणून एकेक नवा पदार्थ शिकायला घेतला. भाज्या जमल्या हो. बटाट्याच्या काचऱ्या खायचोच, मग तशाच रताळ्याच्या, मग सुरणाचे काप रव्यात घोळवून, मग लाल भोपळ्याचे, असं करत दोनेक महिन्यांत दुधीच्या थालीपीठापर्यंत आलो. वय ३६, आणि तोवर माझं जग म्हणजे वरणभात, पोळी, बटाटा, पनीर, ग्लुकोज बिस्किट. अडकलो ते फळांवर.

पोटाच्या तक्रारीवरून एका डाएटिशियनकडे गेलो होतो, कोथरूडात. बाहेर दीड तास, आत पाच मिनिटं, आणि हातात छापील चार्ट, त्यात सकाळी ११ ला ‘मिक्स फ्रूट १ वाटी’. म्हटलं मॅडम, मी फळ खातच नाही, उमासे येतात. तर म्हणे, "अहो, आंब्याला कोण नाही म्हणतं?" मी म्हणतो ना! आमरसाच्या पंगतीत नुसत्या पुऱ्या खाऊन उठणारा माणूस आहे मी. त्या एका वाटीचा राग अजून गेलेला नाही. त्यात एकदम पाच फळं, सगळ्यांचं पाणी एकमेकांना लागलेलं, म्हणजे माझ्यासारख्याला तर शिक्षाच.

लोकांना हे कळत नाही की बिस्किट दर वेळी तेच बिस्किट असतं. द्राक्षाचं तसं नाही, एक गोड, दुसरं आंबट, तिसरं पिलपिलीत. भाजी निदान शिजवून, परतून वळणावर आणता येते, फळाचं काय करणार? केळ्याच्या वासालाच हरलो. सफरचंद पिठूळ निघालं. बायकोने पुरंदरची अंजिरं कौतुकाने आणली, पण मऊ गर आणि कचकच बिया एकाच घासात आल्या, तो घास थेट सिंकमध्ये. आई फोनवर, "अरे लहान आहेस का तू आता?" यामुळे महिनाभर सगळंच सोडून दिलं. तर पहिली टिप हीच, ट्राय करताना समोर कुणी बघत बसलेलं नको.

शेवटी पेरू. मंडईबाहेरच्या गाडीवाल्याला सांगितलं, दादा कडकच द्या, पिकलेला नको. मधला बियांचा गर चमच्याने काढला, वरच्या भागाच्या बारीक कापट्या, मीठ-तिखट. पहिल्या दिवशी फक्त मीठ-तिखट चाटलं. मग चावून थुंकलं (हो, चालतं). नखाएवढा तुकडा, दोन दिवसाआड, अकराव्या वेळी गिळला. लहान मुलांना नवीन चव अंगवळणी पडायला ८ ते १५ वेळा लागू शकतात असं नंतर वाचलं, म्हणजे मी काही फार मागे नव्हतो!

हां, हे आधी सांगायला हवं होतं, फायबर एकदम वाढवू नका आणि पाणी भरपूर प्या, मी भोपळ्याच्या जोशात गॅसने दोन रात्री जागलोय. आणि वजन उतरत असेल किंवा खायचे पदार्थ आणखी कमी होत चालले असतील तर घरचे प्रयोग नकोत, तो एआरएफआयडी असू शकतो, म्हणजे मोजकंच खाण्याचा, बाकी अन्न टाळण्याचा आजार, २०१३ पासून मानसिक आजारांच्या यादीत आहे, तेव्हा नीट डॉक्टर गाठा.

सध्या रोज अर्धा पेरू. डब्ल्यूएचओ फळं-भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅम सांगते, मी निम्म्यावर असेन. काढलेला बियांचा गर बायको खाते, तिथेच ओट्याशी उभी राहून, आणि मी तिकडे बघत नाही.