जिरकाटांगच्या अलीकडे

अंदमानात, पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाबाहेर, लांबा लाइनला, मी सेल्फ ड्राइव्ह गाड्यांच्या एका छोट्या ऑफिसात काम करते. शहराचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे, पण आमच्या तोंडी अजून जुनंच येतं. काम ठरलेलं: लायसन्स बघायचं, डिपॉझिट घ्यायचं, गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढायचा, पेट्रोलचा काटा दाखवायचा. मग सूचना. गाडी वाळूत उतरवू नका. इथे पाच-साडेपाचलाच अंधार पडतो, तेव्हा लवकर परता. पुष्कळ जण विचारतात, ही हॅवलॉकला नेता येईल का? नाही, मधे समुद्र आहे.

त्या दिवशी नाशिकचं एक कुटुंब आलं. काका-काकू, मुलगा, सून आणि आठेक वर्षांचा नातू. मराठी ऐकून मला फार बरं वाटलं, काकूंनी तर पिशवीतून चिवडाच काढला. अर्टिगा चार दिवसांसाठी बुक होती. सामान डिकीत ठेवताना नातवानं मला एक कापडी पिशवी उघडून दाखवली. वर केळ्यांचा घड, खाली बिस्किटांचे पुडे.

"हे जारवा मुलांना द्यायचंय," तो म्हणाला.

माझा हात झाकणावरच राहिला.

बाराटांग बेटावर जायचं तर जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत थांबावं लागतं. पुढचा सुमारे 50 किलोमीटर रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्यानं जायचं. मधे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला काही द्यायचं नाही. 1956 चा कायदा आहे, आणि 2012 नंतर त्याची शिक्षाही कडक झाली. आमच्या मालकांचा नियम त्याहून साधा: आपली गाडी जिरकाटांगच्या पुढे जाणार नाही.

हे सांगितल्यावर मुलगा चिडला. "पैसे भरलेत आम्ही." काका मात्र शांतपणे म्हणाले, "ताई, आपण मराठी माणसं. तुम्ही तरी समजून घ्या. आम्ही काय वाईट करतोय? खायलाच देतोय ना?"

या प्रश्नाला कायदा दाखवून भागत नाही. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, आणि म्हणूनच मला या पिशव्यांची भीती वाटते. मी म्हटलं, "काका, ही माणसं हजारो वर्षं आपल्यापासून लांब राहिली. 1998 च्या सुमारास ती जंगलाबाहेर येऊ लागली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात गोवराची साथ आली. सगळी मिळून काही शेकडोच आहेत. खायला त्यांचं जंगल आहे, समुद्र आहे. गाड्यांपुढे हात पसरायला त्यांना रस्त्यानं शिकवलं."

तेवढ्यात नातू शिंकला. विमानातच सर्दी झाली होती त्याला, नाक लाल झालं होतं. काकूंनी पदरानं त्याचं नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही.

मालकांना फोन लावला. ते म्हणाले, लिहून देत असतील तर गाडी दे, नाहीतर पैसे परत कर. मुलानं सही केली, पण माझ्याकडे न बघता.

तिसऱ्या दिवशी पहाटे मोबाइल वाजला. जीपीएसवर गाडी फेरारगंज ओलांडून पुढे चालली होती. मी अंथरुणात उठून बसले. फोन लागेना, तिकडे नेटवर्क धड नसतं. ठिपका जिरकाटांगला थांबला. पहिल्या ताफ्याची वेळ होत आलेली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नाक्यावर कळवायचं तर कुणाला, तेही मला सुचेना. सही घेऊन गाडी दिली हीच चूक झाली असं वाटत राहिलं. चाळीस मिनिटांनी ठिपका हलला, आणि मागे फिरला. मी चहा टाकला तेव्हा हात थरथरत होते.

चौथ्या दिवशी गाडी परत आली तेव्हा काकांनी सांगितलं. मुलगा आणि सून ओळखीच्या एका टूरच्या गाडीतून पुढे गेले होते. "हिनं मात्र नातवाला सोडलं नाही," काकूंकडे बघत ते म्हणाले. "म्हणाली, पोराला खोकला आहे, मी काही त्या लोकांतून याला नेणार नाही. मग मीच दोघांना घेऊन परत आलो." मुलगा बाजूला उभा होता. रस्त्यात कुणी दिसलं का, हे मी त्याला विचारलं नाही.

गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला. ओरखडा नाही, काटा होता तिथेच. डिकी उघडली तर कापडी पिशवी तशीच होती. बिस्किटांचे पुडे न फोडलेले.

"केळी?" मी विचारलं.

"ती रांगेतल्या ड्रायव्हरांना वाटली," काकू म्हणाल्या. "बिचारे रात्री दोनपासून जागे होते."