कचऱ्याचा डबा आणि दारातली रांगोळी

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मागे ड्रिलचा आवाज येत होता. जिन्याच्या ग्रिलला नवीन कुलूप बसवून घेणं सुरू होतं. नागपूरला, त्रिमूर्तीनगरात आमच्या मागच्या गल्लीत भरदुपारी घर फोडलं म्हणे. "सगळे लग्नाला अमरावतीला गेले होते. सब्बलीनं कोंडाच उखडून काढला," आई सांगत होती. मग तिनं विचारलं, "तुमच्याकडे नसेल ना असं काही होत?"

होतं, आई. दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात झालं आणि तुला काळजी वाटेल म्हणून मी सांगितलं नाही. आज इथे सगळंच लिहिते, कारण त्यातलं बरंचसं आपल्या गल्लीच्या कामाचं आहे.

आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्समधल्या वर्दिंग गावात राहतो. घरापासून समुद्र पाच मिनिटांवर. फुटाळा आणि अंबाझरी तलावांवर वाढलेल्या माणसाला याचं केवढं अप्रूप! पण समुद्राकाठचं गाव हिवाळ्यात वेगळंच असतं. उन्हाळी मुक्कामाची घरं बंद होतात, किनाऱ्यावरच्या लाकडी खोपट्यांना कुलपं लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. घरांच्या मागून अरुंद बोळ जातात, ससेक्समध्ये त्यांना 'ट्विटन' म्हणतात. आमच्याकडे चोर आला तो त्या बोळातूनच.

दिवाळीचा आठवडा होता. आम्ही कार्यक्रमासाठी लंडनला गेलो होतो. रात्री अकराला परतलो तर स्वयंपाकघराचं मागचं दार नुसतं लोटलेलं. टीव्ही, लॅपटॉप जागच्या जागी. कपाट मात्र पालथं, आणि आजीची एकदाणी गेलेली. चोरांना ठाऊक असतं की आपल्या लोकांच्या घरी सोनं असतं आणि दिवाळीत ते लॉकरमधून घरी येतं. इथले पोलीस दर दिवाळीच्या सुमारास आशियाई कुटुंबांना त्याबद्दल सावध करतात. मला ते नंतर कळलं. एकदाणी परत मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या रस्त्याच्या 'नेबरहूड वॉच'च्या, म्हणजे शेजाऱ्यांनीच एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवायच्या गटाच्या, आजी आल्या. निवृत्त शिक्षिका, पंचाहत्तरीच्या. त्यांनी दारापाशी पडलेला पितळी तुकडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. इथलं कुलूप म्हणजे दारातून आरपार गेलेलं बोटभर नळकांडं. त्याच्या मधोमध स्क्रूसाठी भोक असतं आणि नेमकं तिथेच ते सगळ्यात कच्चं. नळकांडं दाराबाहेर थोडं जरी डोकावत असेल तर पकडीत धरून मोडता येतं, फारसा आवाजही होत नाही. माझ्या हातातला तुकडा त्या भोकापाशीच तुटला होता, अगदी खडूसारखा. नवीन प्रकारच्या कुलपात बाहेरच्या बाजूला मुद्दाम खाच ठेवलेली असते. जोर लावला तर तेवढाच पुढचा भाग निघून येतो आणि कुलूप शाबूत राहतं. त्यावर तीन तारे कोरलेले असतात. आजींनी त्याच आठवड्यात ते बसवून घ्यायला लावलं.

ही 'वॉच' म्हणजे काय, याची माझी कल्पना चुकीची होती. मला वाटायचं, काठ्या घेऊन फिरणारी मंडळी असतील, आपल्याकडे गुरखा शिट्टी मारत फिरायचा तशी. ब्रिटनमध्ये ही चळवळ १९८२ साली चेशायरमधल्या मॉलिंग्टन या लहानशा खेड्यात सुरू झाली. कुणाचा पाठलाग करणं, कुणाला धरणं हे त्यात बसतच नाही. बघायचं आणि कळवायचं. आत्ता घडत असेल तर पोलिसांना ९९९ वर फोन, होऊन गेलं असेल तर १०१ वर. एवढंच.

पण आजींचं खरं काम मला दिसलं ते गुरुवारी. गुरुवारी आमच्याकडे कचऱ्याची गाडी येते. चाकांचे डबे सकाळी फुटपाथवर ठेवायचे आणि रिकामे झाले की आत घ्यायचे. संध्याकाळपर्यंत एखादा डबा बाहेरच राहिला तर त्याचा अर्थ, घरात कुणी नाही. चोर तो अर्थ बरोबर लावतो. आजी दुपारी काठी टेकत रस्त्यावरून जातात आणि जे गावाला गेलेत त्यांचे डबे एकेक करून आत लावतात. दाराच्या फटीत अडकलेली टपालं आत ढकलतात. कुणाकडे पडदे ओढतात, कुणाच्या अंगणात लेकाला गाडी लावायला सांगतात. आम्ही मागच्या वर्षी नागपूरला आलो, तेव्हा तीन आठवडे आमचा डबा त्यांनीच आतबाहेर केला.

त्यांना बघताना मला सारखं आपलं घर आठवतं. आपल्याकडे घर रिकामं असल्याची खूण आपण स्वतःच टांगून ठेवतो, दाराबाहेर भलंमोठं कुलूप! इथे कुलूप दाराच्या आतच असतं, माणूस घरात आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. शिवाय फाटकात अडकलेले दोन दिवसांचे पेपर, बाहेर पडून राहिलेली दुधाची पिशवी. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे सकाळी आठ वाजून गेले तरी न पडलेला सडा, न काढलेली रांगोळी. हे वाचायला चोराला शिकावं लागत नाही. मग आपण का वाचत नाही? माझ्या लहानपणी समोरच्या काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "कोणाकडे जाऊन राहिले भाऊ?" तो पहाराच होता. आता ओटे गेले, पार्किंग आलं.

एक गोष्ट मात्र मी फार कळकळीनं सांगते. लक्ष ठेवणं आणि संशय घेणं यात फरक आहे. आम्ही इथे नवीन असताना माझा नवरा रात्री फोनवर बोलत फेऱ्या मारायचा. कुणीतरी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "एक अनोळखी सावळा माणूस घरं न्याहाळतोय." ते वाचून मला रडू आलं होतं. आजींनी तिथेच उत्तर दिलं, "तो दिसतो कसा ते लिहू नका, तो करतोय काय ते लिहा." आता तो आमच्या ग्रुपचा नियमच आहे. आपल्याकडे हे विसरलं की काय होतं ते आपण पाहिलंय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ग्रुपवर 'टोळी फिरतेय, सावध राहा' असं पुढे ढकलण्याआधी तो गाव आठवा.

समुद्राकाठी लक्ष ठेवण्याचं आणखी एक काम असतं. 'प्रोजेक्ट क्रॅकन' नावाची मोहीम आहे, किनाऱ्यावरच्या लोकांना सांगितलेलं असतं की रात्री दिवे न लावता फिरणारी बोट, निर्जन जागी उतरवलं जाणारं सामान, असं काही दिसलं तर कळवा. ती पत्रकं वाचताना मला २६/११ आठवतो. मुंबईत बधवार पार्कजवळ ते दहा जण उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं तिथल्या कोळीवस्तीतल्या लोकांनीच.

आईला मी परवा तीन गोष्टी करायला लावल्या. मोबाईलमध्ये ११२ वरती सेव्ह केला. बाबांना पोलीस ठाण्यात पाठवलं, कारण एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठाण्यानं ठेवायची असते आणि आपण सांगितल्याशिवाय आपलं नाव तिथे पोचत नाही. आणि बाहेरचा कोंडा काढून दारात बसणारं कुलूप लावायला सांगितलं. सुतार उद्या येतोय.

मे महिन्यात दोघंही इकडे येणार आहेत, दोन महिने. समोरच्या काकू आता सत्तरीच्या आहेत, ओटा नाही पण खिडकी आहे. त्या म्हणाल्या, "तुझ्या दारातला सडा-रांगोळी मी पाहते, तू बिनधास्त जा." आईनं रांगोळीचा डबा आत्ताच त्यांच्याकडे नेऊन दिलाय.