ठरावाचं पान आणि कंट्रोल व्ही

आमच्या बायकांच्या बचत संघाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं गाव, बायका सोळा, आणि इतिवृत्त लिहायचं काम नऊ वर्षं माझ्याकडं. वरचं अर्धं पान दर वेळी तेच असतं: आज रोजी मासिक बैठक अध्यक्षांच्या घरी झाली, मागचं इतिवृत्त वाचून कायम केलं, वगैरे. बदलतं काय, तर तारीख, हजेरी, जमा रक्कम आणि कर्ज कुणाला दिलं ते. तरी ते सगळं मी दर महिन्याला नव्यानं लिहायची आणि बँकेची प्रत टाइप करून आणायला बसनं खानापूरला जायची. पावसाळ्यात त्यात अख्खा दिवस मोडायचा.

दिवाळीला भाची आली आणि जुना लॅपटॉप माझ्याकडं ठेवून गेली. जायच्या आधी चार दिवस तिनं मला शिकवलं. "मावशी, आधी धर, मग उचल, मग ठेव. एवढंच आहे बघ." धरायचं म्हणजे मजकुरावरून माउस ओढायचा. एक शब्द हवा तर त्यावर दोनदा क्लिक, वर्डमध्ये सगळा परिच्छेद हवा तर तीनदा. कंट्रोल सी दाबलं की प्रत उचलली जाते, मूळ जागचं जागेवर राहतं. कंट्रोल एक्सनं मजकूर तिथून निघूनच येतो. कंट्रोल व्हीनं कर्सर असेल तिथं उतरतो, मग फाइल दुसरी असली तरी चालतं. झेड, एक्स, सी, व्ही ही चारी बटणं खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत, त्यामुळं डाव्या हाताला लवकर सवय झाली.

एक गोष्ट मात्र चुकूनच कळली. कर्जाचा ठराव एका फाइलमधून एक्सनं काढला आणि दुसरीकडं ठेवायच्या आधी एका बाईचं नाव सी केलं. व्ही दाबलं तर नुसतं नाव आलं, ठराव गेला! उचललेलं जिथं राहतं तिथं साधारणपणे एकच वस्तू मावते, नवी आली की जुनी जाते. पोटात गोळा आला. पहिल्या फाइलमध्ये जाऊन कंट्रोल झेड दाबलं, तेव्हा ठराव होता तिथं परत आला. आता विंडोजचं बटण आणि व्ही दाबून मागं उचललेलंही बघते. ती सोय आधी एकदा चालू करावी लागते.

तारखेचं भान तर ठेवावंच लागतं. मागच्या महिन्याचं पान नव्या फाइलमध्ये उतरवलं की सगळ्यात आधी तारीख आणि रक्कम बदलते, मगच बाकीचं वाचते. जुनी रक्कम राहिली तर कुणाच्या तरी घामाचा हिशेब चुकतो.

मला खरा आनंद झाला तो कन्नडमुळं. बँकेचा अर्ज कन्नडात, ठराव मराठीत. शेजारच्या मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर कन्नड मजकूर पाठवला, तो उचलून मराठीखाली ठेवला, आणि दोन्ही लिप्या एका पानावर नीट बसल्या. युनिकोड म्हणजे संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची एकच पद्धत. तीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून असं होतं. देवनागरी 'क'चा ०९१५, कन्नड 'क'चा ०सी९५. एकमेकांच्या जागेत कुणी शिरत नाही.

जुन्या फायलींचं तसं नाही. खानापूरच्या टाइप करून देणाऱ्या डीटीपीवाल्याकडून पेनड्राइव्हवर आणलेली इतिवृत्तं उघडली तर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कचरा. त्या जुन्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीचीच, वर फक्त मराठी चित्रं चढवलेली. फॉन्ट गेला की मराठीही गेली. भाचीनं इंटरनेटवरचं एक कन्व्हर्टर दाखवलं, ते जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देतं. त्यातून बरंच सुटतं, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार घसरतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. 'मासिक'मधली वेलांटी 'स' सोडून 'मा'ला जाऊन चिकटते. 'कर्ज' तर प्रत्येक पानावर येतं, त्यामुळं प्रत्येक रफार डोळ्यांनी तपासावा लागतो.

संध्याकाळी डेअरीला दूध घालून आले की एक पान काढते. कागदाची वही शेजारी उघडी ठेवून ओळीला ओळ लावते. २०१९चं साल कालच संपलं.