ओटी डबल मिळतो काय, सर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला लागून आमचं मशीन शॉप आहे, मी तिथं एचआरला. सध्या जिकडंतिकडं एकच ओरड, पोरं टिकत नाहीत, आजकालच्या पोरांना कामच नको. परवा व्हीएमसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) ऑपरेटरच्या मुलाखतीला राधानगरीकडचा एक पोरगा आला, आयटीआय मशिनिस्ट, आणि तेव्हापासून ही ओरड मला ऐकवत नाही.

साहेबांनी त्याच्यापुढं मशीनिंग झालेलं हाऊसिंग ठेवलं, हातात व्हर्निअर दिला आणि म्हणाले बोअर (आतल्या गोल भोकाचं माप) मोज. पोरानं बोअरला आतनं बोट फिरवलं, व्हर्निअर टेबलावर ठेवला. "सर, टॉलरन्स मायक्रॉनमध्ये असंल तर ह्यानं नको, बोअर गेज मिळंल काय?" मायक्रॉनमधला फरक व्हर्निअरनं पकडता येत नाही हे त्याला माहीत होतं, साहेब एकदम खूश.

मग तुला काय विचारायचंय का म्हटल्यावर त्यानं खिशातनं घडी घातलेला कागद काढला. ओटी (ओव्हरटाइम) डबल मिळतो काय आणि तो पगाराच्या स्लिपवर येतो काय? शिफ्ट किती दिवस आधी कळते? जॉब लावायचा, सायकल स्टार्ट करायची, जॉब काढायचा एवढंच करायचं की सेटिंग, ऑफसेट, प्रोग्रॅमपण शिकवणार? साहेबांचा चेहराच बदलला, "आधी कामाला तर लाग!"

आता ओटीला दुप्पट दर १९४८ च्या कारखाना कायद्यात होता, त्याच्या जागी आलेल्या नव्या लेबर कोडमध्येपण आहे, मग पोरानं जगावेगळं काय मागितलं? शिफ्टचं मी विचारलं तर म्हणाला, घरचा ऊस आहे, मोटरची लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, वडिलांना आता रात्रीचं रानात जाणं होत नाही, पाणी पाजायला मीच जातो, शिफ्ट आदल्या दिवशी सांगितली तर मी लाईट बघू का मशीन बघू. अहो, आपल्या शॉपमधली निम्मी पोरं अशीच आहेत, डेअरीला दूध घालून गाडीवरनं कामाला येणारी, ती न सांगता दांडी मारतात म्हणून आपण मेमो देतो पण शिफ्टचा तक्ता महिना आधी लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

पोरगा आमच्याकडं आला नाही. उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपला लागला, पगार आमच्यापेक्षा कमी, पण मालक स्वतः शेजारी उभा राहून सेटिंग शिकवतोय म्हणाला. हे ऐकून साहेब बराच वेळ गप्प होते. पुढच्या महिन्यापासून तक्ता आधी लावायला ते तयार झालेत, ओटी वेगळा दाखवायचं अकाउंटशी बोलणं चालू आहे. ऑपरेटरला सेटिंग शिकवायला मात्र अजून तयार नाहीत, शिकला की सोडून जाईल म्हणतात. हा पोरगा तर शिकायला मिळणार नाही म्हणूनच आला नाही, हे मी त्यांना सोमवारच्या मीटिंगमध्ये परत सांगणार आहे.